कालवा कळतो, मग ‘द’ का कळत नाही?

‘मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून आमचं चुकतं,’ हे रडगाणं माझ्यापुढे पुन्हा गायचं नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तूही पहिलीपासूनच शिकलास ना? मग इतकी वर्षं केलंस काय? नियम घोकलेस, पेपर लिहिलास, विसरलास.

डोकं नाही म्हणून चुकतोस का? मुळीच नाही. ‘कालव्याला पाणी सुटलं,’ असं ओरडत घरी येतोस, तेव्हा कोणता कालवा, असं आजोबा विचारतात का? नीरा डावा कालवा, घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिथे ‘द’. ‘रानात एक माणूस आलाय,’ म्हणतोस तेव्हा कोण ते ऐकणाऱ्याला माहीत नसतं. तिथे ‘ए’. पुढे ‘तो माणूस विहिरीकडे गेला,’ म्हणतोस. आता कळलं कोण. लाव ‘द’. बोबडं बोलायचास तेव्हापासून हा फरक करतोस तू. पेन हातात आलं की अक्कल गहाण पडते काय?

उसाच्या पट्ट्यात जन्मलास आणि ‘ए शुगर’ लिहितोस? पोती मोजतात, साखर मोजतात का? पोत्याला ‘ए बॅग’. साखर गोड असते म्हणायचं, तर नुसतं ‘शुगर’. यंदाच्या हंगामात कारखान्याच्या गोदामात पडलेली साखर म्हणायची, तर ‘द शुगर’. गावाच्या नावाला काही नाही, नदीला ‘द’. म्हणजे ‘द नीरा’, ‘द भीमा’. दोघींचा संगम होतो ते नरसिंहपूर मात्र नुसतं. इंदापूरचा पोरगा ‘द इंदापूर’ लिहितो, याला काय म्हणू?

‘अॅन’ कानाने ठरतं, डोळ्यांनी नाही. ‘अवर’मधला एच मुका, म्हणून अॅन. ‘युनिव्हर्सिटी’ला य ऐकू येतो, म्हणून ए. अभ्यासिकेत बसून साहेब व्हायची स्वप्नं बघतोस, आणि ‘अॅन एमपीएससी एक्झाम’ लिहायला जमत नाही?

आणि निबंधाच्या वहीतलं ते वाक्य. ‘माय फादर इज फार्मर.’ बाप दिवसभर रानात राबतो. त्याच्याबद्दल लिहिताना एक ‘ए’ जास्तीचा लिहिणं तुझ्या जिवावर येतं?

विचारलं तर म्हणतोस, ‘सर, अंदाजे टाकलं.’ अंदाजपंचे दाहोदरसे! ‘द’ म्हणजे काय भाजीवर भुरभुरायची कोथिंबीर आहे? खरं दुखणं मला माहीत आहे. लिहिलेलं तू परत वाचतच नाहीस. वाचलं असतंस, तर निम्म्या चुका तुझ्या तुलाच सापडल्या असत्या. तू त्या लायकीचा आहेस, म्हणून तर जीव तुटतो माझा.

तो निबंध घे. प्रत्येक नामाखाली रेघ ओढ. ते मोजता येतं का, आणि नेमकं कोणतं ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे का, हे बाजूला मराठीत लिही. उद्या पहिल्या तासाआधी माझ्या टेबलावर हवा. लाईट गेली होती, हे ऐकून घेणार नाही.