चाचणीआधीचा प्रश्न

झाशीच्या ज्या गणेशमंदिरात 1842 साली मणिकर्णिकेचा विवाह गंगाधरराव नेवाळकरांशी झाला, त्याच्या पायऱ्यांवर आमचे एक वृद्ध स्नेही परवा खाकी पाकिटातून छातीचा क्ष-किरण फोटो काढून उजेडाकडे धरीत म्हणाले, "एवढ्याने भागेल, की सीटी स्कॅनही करून घेऊ?"

साध्या फोटोत शरीराला सुमारे 0.1 मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग पोहोचतो, छातीच्या सीटी स्कॅनमध्ये त्याच्या कित्येक पट. जेथे निदान अडले आहे तेथे ही जोखीम अल्प असून ती टाळणेच घातक, परंतु निव्वळ मनाच्या समाधानाखातर ती का पत्करावी?

किरणे नसली म्हणजे चाचणी निरुपद्रवी झाली, असेही नव्हे. समजा, हजार माणसांत दहा जण रोगी आहेत आणि चाचणी शेकडा नव्वद वेळा अचूक आहे. तर ती नऊ रोगी दाखवील खरी, पण त्यांच्यासोबत नव्याण्णव निरोगी माणसांच्या हातीही रोगाचा दाखला ठेवील, आणि त्यांच्या घरी त्या रात्री कोणाला झोप येईल? क्षयाच्या निदानासाठी बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांना सरकारने 2012 साली मनाई केली, ती अशाच भरवसा नसलेल्या निकालांमुळे. थुंकीची तपासणी मात्र आजही आवश्यकच आहे.

स्नेह्यांनी फोटो जपून पाकिटात सरकवला आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न पाकिटावरच पेन्सिलीने लिहिला: "स्कॅनचा निकाल काहीही आला, तरी माझ्या उपचारात काय बदलेल?"