दाटी आणि स्पर्श



‘दाटी’ म्हणजे गर्दी. पण ढगही दाटतात आणि गळाही दाटून येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली, तेव्हा आपण कोल्हापूरकरांनी हे तिन्ही अर्थ एकाच आठवड्यात पाहिले.

आजच्या शुभवर्तमानात (मार्क ५:२१-४३) प्रभू येशूभोवती अशीच दाटी आहे. सगळे त्याला खेटून चालतात. बरी होते ती एकच. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध, म्हणजे गर्दीत शिरायचीही तिला चोरी. येशू थांबतो आणि मला कोण शिवले, असे विचारतो. एवढ्या रेटारेटीत हे काय विचारणे, असे शिष्यांना वाटते. (व्यवहाराने त्यांचे बरोबरच होते.) तिकडे याईराची लेक मरणपंथाला लागलेली, तरी लपून मागून आलेल्या या बाईला तो वेळ देतो, तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो.

आपल्या चर्चमध्ये नाताळला दाटी होते. एरवी रविवारी मागच्या बाकावर काही जण एकटेच बसतात, शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जातात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? आज मिस्सानंतर विचारू या.