लगाम सोडायचा कधी?



आजचं चिंतन कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकावर. पहिला अध्याय, तिसरी वल्ली. यमराज नचिकेताला समजावतात, की शरीर हा रथ आहे आणि आत्मा त्या रथाचा स्वामी. बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे. आणि विषय म्हणजे ते घोडे ज्या वाटांवरून धावतात त्या वाटा.

बरीच वर्षं मी याचा एकच अर्थ धरून बसलो होतो. घोडे उधळतात ना, मग लगाम आवळा! रील्स बघावेसे वाटले, आवळ. राग आला, आवळ. चार दिवस जमायचं, पाचव्या दिवशी रथ खड्ड्यात.

गेल्या हिवाळ्यात मुलीसोबत मीही रविवारी घोडेस्वारी शिकायला लागलो. माझ्या वाट्याला आलेला घोडा गरीब स्वभावाचा, पण मी बसलो की मान वर करायचा, तोंड उघडायचा आणि लगामावर सगळा भार टाकायचा. मी आणखी ओढायचो. शेवटी शिकवणारे काका म्हणाले, "अहो, तुम्ही ओढताय ते त्याला केव्हाच कळलंय. तुम्ही सोडताय कधी?"

मग त्यांनी घोड्याचं तोंड उघडून दाखवलं. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तिथे, जिभेवर आणि हिरडीवर टेकते. इतकी नाजूक जागा, की आपण नुसती मूठ मिटली तरी त्याला कळतं. आणि घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो. त्याने जबडा जरासा सैल केला, की आपली बोटंही त्याच क्षणी सैल व्हायला हवीत. तेच त्याच्यासाठी "शाब्बास, बरोबर!" उत्तर बरोबर दिलं तरी ओढ तशीच राहिली, तर तो उत्तर देणंच बंद करतो. आमच्या ऑफिसात जो अलार्म रात्रंदिवस वाजतो तो शेवटी सगळे म्यूट करतात, तसंच.

दुसरी गोष्ट तर माझ्यासाठी नवीनच होती. तयार घोड्याची मान कशी डौलदार बाकदार दिसते! मला वाटायचं, लगाम खेचून ती वाकवत असतील. तसं नाही. घोडा मागचे पाय पोटाखाली आणतो, पाठ उचलतो, भार मागे घेतो. पुढचा भाग हलका होतो आणि मान आपोआप बाक घेते. ताकद मागून येते, हात ती फक्त झेलतो. नुसतं डोकं खेचलं तर मान वाकते, पण पाठ खाली दबते आणि मागचे पाय फरफटतात. बाहेरून शिस्त, आत काहीच नाही. ग्रीक लेखक झेनोफनने इ.स.पूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. त्याचंही सांगणं हेच, की जबरदस्तीने करून घेतलेल्या गोष्टीत सौंदर्य नसतं.

आता उपनिषदाकडे परत या. यमराज घोडे सोडून द्या म्हणत नाहीत, बांधून ठेवा असंही म्हणत नाहीत. रथाला पोहोचायचंय, विष्णूच्या परमपदापर्यंत! घोडे चाललेच नाहीत तर लगाम काय कामाचा? आणि हो, सोडणं म्हणजे लगाम टाकून देणंही नाही. सारथी बेसावध असेल तर घोडे ऐकत नाहीत, हेही यमराजांनी तिथेच सांगितलंय. हात लागलेला हवा, पण जिवंत हवा.

हे सगळं मला मनाबद्दल समजलं असं वाटत होतं. मग एका रात्री मुलीचा गणिताचा अभ्यास घेत होतो. नीट बस. अक्षर बघ. लक्ष कुठे आहे? एक सुधारलं की लगेच पुढची सूचना. तिने पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "बाबा, बरोबर आलं तरी तू ओरडतोसच."

त्या रात्री झोप लागली नाही. उठून कठोपनिषद पहिल्यापासून वाचलं, आणि जे इतकी वर्षं भरभर ओलांडून जात होतो तिथेच अडकलो. ही सगळी कथा सुरू कशी होते? मुलगा पुन्हा पुन्हा विचारतो, म्हणून वडील चिडून म्हणतात, जा, तुला मृत्यूला दिलं! एका बापाचा लगाम सुटलेला शब्द. आणि यमाच्या दारात उभा राहिलेला तो मुलगा पहिला वर काय मागतो? आत्मज्ञान नाही. वडिलांचा राग शांत होऊ दे, मी परत गेलो की त्यांनी मला प्रेमाने ओळखावं, एवढंच.

सकाळी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि दूध प्यायला गेली. अजूनही चुकतो मी. पण आता तिचं एक उदाहरण बरोबर आलं, की निदान तेवढा वेळ तोंड मिटून हसतो.

आजचा अभ्यास: नामस्मरणात मन भरकटलं तर त्याला परत आणा, पण ते आलं की लगेच ओढ सोडा. रागावू नका त्याच्यावर. आलंय ना ते! आणि घरात, ऑफिसात ज्याला तुम्ही सतत सुधारत असता, त्याची एक बरोबर गोष्ट आज बघा आणि तिथेच थांबा.

श्रीकृष्णार्पणमस्तु. उद्या भेटूच!