न जुळणारा हिशेब

हिशेब न जुळणे ही गोष्ट आपल्या जुन्या घराण्यांतून नेहमीच थोडी लाजिरवाणी मानली गेली. आमच्या आजोबांचे रोजमेळ अजून माळ्यावर आहेत. त्यांत महिनाअखेरीस अधूनमधून ‘किरकोळ’ अशी नोंद सापडते आणि पुढे चार-सहा आणे. बेरीज जमेना की ती जमवून घेण्यासाठी हा शब्द होता. चार आण्यांसाठी रात्र जागवावी असे आम्हीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की ‘किरकोळ’ लिहून माणसाने केव्हा मोकळे व्हावे आणि केव्हा होऊ नये?

या संदर्भात आम्हांला अमेरिकेतील रेमंड डेव्हिस यांची आठवण होते. दक्षिण डाकोटा राज्यातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, त्यांनी 1960 च्या दशकात एक टाकी बसवली. तीत होते 3,80,000 लिटर पर्क्लोरोएथिलीन, म्हणजे कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरतात तो द्रव. सूर्याच्या गर्भातून निघणारे न्यूट्रिनो हे कण पृथ्वीच्या आरपार जातात, कशालाच सहसा शिवत नाहीत. क्वचित एखादा क्लोरिनच्या अणूवर आदळला, तर त्याचा किरणोत्सारी आर्गॉन होतो. दर काही आठवड्यांनी टाकीतून हेलियम खेळवून ते मूठभरही नसलेले अणू बाहेर काढायचे आणि मोजायचे, असा हा उद्योग. तो 1994 पर्यंत चालला, आणि एवढ्या काळात हाती लागले ते जेमतेम दोन हजार अणू!

किती अणू मिळावेत याचे गणित जॉन बाकॉल यांनी मांडले होते. 1968 साली पहिला निष्कर्ष आला आणि पुढे वर्षानुवर्षे तोच कायम राहिला: अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांश. दोघांपैकी कोणाचे तरी चुकले असणार, हे जगाने गृहीत धरले. अनेकांचा संशय डेव्हिस यांच्या टाकीवर होता. एवढ्या द्रवातून मोजके अणू निसटत नसतील कशावरून? डेव्हिस यांनी ज्ञात प्रमाणात आर्गॉन मुद्दाम टाकीत सोडला आणि तो परत काढून दाखवला. बाकॉल यांनी सूर्याचे गणित पुन्हा पुन्हा तपासले. आकडा मात्र दोघांपैकी एकानेही दुसऱ्याच्या दिशेने सरकवला नाही. मैत्रीही तुटली नाही, हे विशेष.

वाद झाला की सत्य कुठेतरी मध्ये असते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परक्या मुलखात पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या माणसांना तर समेटाची सवयच जडते, आणि ती वाईट आहे असे नव्हे. पण येथे सत्य मध्ये नव्हते. दोघांनी थोडे थोडे नमते घेतले असते, तर बेरीज जुळली असती आणि शोध मात्र पुरला गेला असता.

कारण चूक होती ती दोघांनी न बोलता मान्य केलेल्या तिसऱ्याच गोष्टीत: सूर्यापासून जे निघते तेच जसेच्या तसे येथे पोचते. हैदराबादच्या जुन्या मंडळींना हाली शिक्का आणि कलदार आठवत असतील. पाठवलेल्या रकमेचा काही भाग वाटेत दुसऱ्या नाण्यात बदलला, आणि घेणारा कारकून एकच नाणे मोजणारा असला, तर रक्कम कमीच भरणार. न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. डेव्हिस यांची टाकी पहिलाच प्रकार ओळखत होती, आणि प्रवासात प्रकार बदलत होते. असे काही घडू शकेल ही कल्पना सोव्हिएत संघात ब्रूनो पाँटेकोर्वो यांनी 1957 पासूनच मांडली होती. फारसे कोणी ऐकले नाही. 1998 साली जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या बाबतीत, याचा भक्कम पुरावा आला. मग कॅनडातील सडबरी येथे, दोन किलोमीटर खोल खाणीत, एक हजार टन जड पाण्याने इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो वेगळे मोजले आणि तिन्ही प्रकार मिळूनही मोजले. 2001 आणि 2002 साली निकाल लागला. पहिला प्रकार एक तृतीयांश, एकूण संख्या बाकॉल यांच्या गणिताइतकी. न्यूट्रिनोला वस्तुमान नसते हे पाठ्यपुस्तकातले विधानही त्याबरोबर गेले.

हट्टी माणूसही असाच आपल्या आकड्याला चिकटून बसतो, हे आम्ही विसरलेलो नाही. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. फरक कोठे असेल, तर तो त्या मुद्दाम सोडलेल्या आर्गॉनमध्ये असावा. हट्टी माणूस आपली वही दुसऱ्याच्या हाती देत नाही. डेव्हिस यांनी आपली चूक पकडण्याची युक्ती स्वतःच योजली. तरीही मनात येते, की सडबरीची खाण त्यांच्या हयातीत सुरूच झाली नसती तर? तर ते एका सदोष टाकीचे चिकट मालक म्हणूनच उरले असते, आणि त्यांच्या प्रामाणिकपणात मात्र तसूभर उणे नसते.

2002 साली डेव्हिस यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तेव्हा त्यांचे वय 88 होते. बाकॉल 2005 साली वारले, डेव्हिस त्याच्या पुढच्या वर्षी. त्या पारितोषिकात बाकॉल यांचे नाव नव्हते, ही गोष्ट आम्हांला अजूनही खटकते.