पुठ्ठ्याचा राक्षस आणि प्रेक्षकाचा न्याय

नाटक किंवा चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर आपण जे मत सहज बोलून टाकतो, तीदेखील एक कृतीच असते. आणि इतर कृतींप्रमाणे तिच्याही मागे बऱ्यावाइटाचा विचार असावयास हवा, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात येत नाही. रुचीचा प्रश्न आला की नीतीचा प्रश्न संपला, अशी आपली समजूत असते. ‘मला आवडले नाही’ एवढे म्हटले की त्यावर अपील उरत नाही. परंतु थोडक्या पैशांत काढलेल्या एखाद्या अद्भुतरम्य साहसपटाविषयी बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे ही समजूत अपुरी पडते. तेथे राक्षस पुठ्ठ्याचा असतो, नायकाचे उड्डाण दोरीवरचे असते, आणि पाताळलोक म्हणजे ओळखीचीच एखादी खाण असते. अशा वेळी आपण मारलेला शेरा कृतीवर असतो की कर्त्याच्या दारिद्र्यावर असतो, हे आपले आपल्यालाच नीट सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात याच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

विचाराच्या सोयीसाठी एक ठिकाण डोळ्यांपुढे धरू. सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर तामलवाडी नावाचे गाव लागते. कोजागरीच्या सुमारास हजारो भाविक याच वाटेने भवानीच्या दर्शनास पायी जातात. १९४८ पर्यंत ही वाट दोन राज्यांतून जात असे. सोलापूर इंग्रजी मुलखात, तर तुळजापूर निजामाच्या. या गावी एखाद्या रात्री पटांगणात पडदा लावून असा एक साहसपट दाखविला गेला आणि चार माणसे तो पाहून बाहेर पडली, अशी कल्पना करू. सोलापुरास कॉलेजात शिकणारा तरुण म्हणतो, “राक्षसाच्या पाठीवरचा शिवणीचा टाका दिसत होता!” आणि पोट धरून हसतो. शाळेतले गुरुजी म्हणतात, “असे हसू नये. बिचाऱ्यांनी किती कमी पैशांत केले आहे!” मुलाबाळांसह आलेला मजूर म्हणतो, “गुरुजी, त्यांचे पैसे कमी असतील. पण माझी तिकिटे काही कमी पैशांत आली नाहीत.” आणि त्याची लहान मुलगी विचारते, “राक्षस मेला, मग त्याच्या आईचे काय झाले?”

या चौघांत न्याय कोणी केला?

प्रथम तरुणाचे हसणे घेऊ. हसणे सर्वस्वी त्याज्य आहे असे म्हणता येत नाही. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागांच्या शहरात नासिर शेख आणि त्यांचे सोबती यांनी गाजलेल्या चित्रपटांच्या स्थानिक आवृत्त्या काढण्याचा उद्योग आरंभिला. त्यांत ‘मालेगाव का सुपरमॅन’ या नावाचाही एक चित्रपट होता. महाबली नायकाची भूमिका करणारे शफीक शेख हे अंगाने किडकिडीत, यंत्रमागावर काम करणारे गृहस्थ होते. कॅमेरा सरकविण्यास सायकल, आणि उंच नेण्यास बैलगाडी. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये या खटाटोपावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि पुढे रीमा कागती यांचा त्याच मंडळींवर आधारलेला कथापट २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. मालेगावचे प्रेक्षक आपल्या सुपरमॅनला पाहून हसत. परंतु त्या हसण्यात तिरस्कार नव्हता. आपल्यासारखाच एक माणूस आकाशात उडू पाहतो आहे, यातील विसंगती त्यांना कळत होती, आणि ती त्यांची स्वतःचीच होती. घरातली सतरंजी फाटकी आहे म्हणून घरच्यांनी हसणे निराळे, आणि पाहुण्याने हसणे निराळे. शब्द तेच, आवाजही तोच. पण हसणारा कोठे बसला आहे यावर हसण्याची नीती ठरते. आपल्या तरुणाची अडचण ही की, तो जन्माने घरचा असूनही पाहुण्याच्या जागी जाऊन बसला आहे. टाका दिसला, यापेक्षा तो आपल्याला दिसला, याचाच त्याला अधिक आनंद झाला आहे.

आता गुरुजी. त्यांचे बोलणे कानाला गोड लागते, आणि म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कसून केली पाहिजे. ‘गरिबाने केले आहे, सांभाळून घ्या’ असे म्हणताना आपण कृतीकडे पाहणेच थांबवितो. ज्याला आपण बरोबरीचा मानतो, त्याच्या चुका आपण दाखवितो. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नसते, त्याची आपण पाठ थोपटतो. अशी दया हे सभ्य वेषातील अवहेलनेचेच रूप होय. शिवाय या दयेची किंमत दुसऱ्यानेच द्यावयाची असते, हे मजुराने बरोबर हेरले आहे. गरीब कर्त्याचा कळवळा बाळगणारा रसिक गरीब प्रेक्षकाला मात्र सोयीस्करपणे विसरतो. पडद्यामागचे कष्ट खरे. पण पडद्यापुढे बसलेल्या माणसाची मजुरीही तितकीच खरी आहे. चित्रपट कंटाळवाणा असेल तर ते सांगणे हे त्या दुसऱ्या कष्टकऱ्याचे देणे आहे.

मग साधनांच्या गरिबीला काही अर्थच नाही काय? येथे तुळजापूरच्या परिसरातीलच एक उदाहरण घेतले पाहिजे. गोंधळात संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी याखेरीज फारसे सामान नसते. तेवढ्यावर गोंधळी देवी आणि दैत्य यांचे युद्ध उभे करतो, आणि ऐकणारांपैकी कोणीही ‘महिषासुर कोठे आहे?’ असे विचारीत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातही रंगभूमीवर चार पावले फिरून पात्र एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी गेले, असे मानण्याचा संकेत आहे. अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय. आणि हा विस्मय खजिन्यातून विकत आणता येत नाही, तो प्रेक्षकाच्या मनात उत्पन्न व्हावा लागतो. कोलरिज या इंग्रज कवीने १८१७ मध्ये, अविश्वास आपण होऊन क्षणभर दूर ठेवणे, अशा शब्दांत काव्यश्रद्धेचे वर्णन केले. त्यातील ‘आपण होऊन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती श्रद्धा प्रेक्षक देतो. ती त्याच्याकडून हिसकावून घेता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, गोंधळाचा दाखला चित्रपटास लागू पडत नाही. गोंधळी ‘ऐका’ म्हणतो, चित्रपट ‘पाहा’ म्हणतो. ज्याने दाखविण्याचे वचन दिले त्याने दाखविलेच पाहिजे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर दादासाहेब फाळके यांच्या कृतीतच सापडते. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईस गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. त्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते. स्त्रीपात्रासाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. असे असूनही पडद्यावर राम दिसताच लोक पादत्राणे काढीत, असे सांगितले जाते. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने १९१९ चा ‘कालियामर्दन’ अधिक बोलका आहे. त्यात कृष्णाची भूमिका फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केली. चित्रपटाच्या आरंभी फाळके कृष्ण दाखवीत नाहीत. ते ही लहान मुलगी दाखवितात. ती चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणून दाखविते, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. म्हणजे जादूगाराने आपला हात प्रथम उघडून दाखविला आणि नंतर जादू केली. ‘ही माझी मुलगी आहे, आता तिला कृष्ण माना’ असा सरळ करार त्याने प्रेक्षकाशी केला. हा करार ज्या कृतीत प्रामाणिक आहे, तेथे पुठ्ठा हा दोष राहत नाही. याउलट जेथे पुठ्ठा लपविण्यासाठी अंधार वाढविलेला असतो, गोंगाट केलेला असतो, आणि आपण कोट्यवधींच्या चित्रपटाचे भाऊबंद आहोत असा आव आणलेला असतो, तेथे प्रेक्षकाचा राग न्याय्य आहे. तो राग गरिबीवर नसून सोंगावर असतो.

यावरून एक साधी कसोटी हाती लागते. एखादा दोष दिसला की विचारावे, हा दूर करावयास पैसा लागला असता की विचार? १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त बाबूभाई मिस्त्री यांनी अदृश्य माणसाची करामत काळ्या दोऱ्याने साधली, आणि ‘काला धागा’ हेच त्यांचे टोपणनाव होऊन बसले. दोरा स्वस्तच होता. पण तो कोठे, केव्हा आणि किती ओढावा हा विचार स्वस्त नव्हता. राक्षसाच्या पाठीवरचा टाका दिसतो, हे सांगून आपण कर्त्याला नवे काहीच सांगत नाही. तो टाका त्यानेच घातलेला असतो. परंतु नायक त्या राक्षसाला का भितो आणि मग का भीत नाहीसा होतो, हे चित्रपटात कोठेच उमगत नाही, असे म्हटले तर ते त्याच्या उपयोगाचे आहे. कारण ते सुधारण्यास दागिने गहाण ठेवावे लागत नाहीत.

ही कसोटी सर्व प्रसंगी बिनचूक चालेल असा दावा मात्र करता येत नाही. विचारालाही फुरसत लागते, आणि फुरसत हीदेखील पैशाचीच एक जात आहे. दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस रात्री कथा लिहितो तेव्हा त्याच्या कथेतील ढिलाईत थकव्याचा वाटा किती आणि आळसाचा किती, हे बाहेरच्याने कसे ठरवावे? येथे न्यायाधीशाने थोडे सावकाश बोलावे, एवढेच म्हणता येते. सावकाश बोलणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

आणि याच ठिकाणी लहान गावाचा एक गुण आठवतो. तामलवाडीसारख्या ठिकाणी ज्याच्या कामाविषयी आपण रात्री मत दिले, तो सकाळी रस्त्यावर भेटण्याचा संभव असतो. तेथे मताला तोंड असते. मोठ्या शहरात आणि दूरवरच्या अनोळखी कर्त्यांविषयी बोलताना ही अडचण नाहीशी होते, आणि अडचणीबरोबर जबाबदारीही जाते. जे मत कर्त्याच्या समोर उभे राहून सांगता येईल आणि तिकीट काढलेल्या मजुराच्या समोरही तसेच सांगता येईल, ते बहुधा न्याय्य असते. गुरुजींना मजुराच्या डोळ्याला डोळा देता आला नाही, आणि तरुणाला कर्त्याच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही.

राहिली ती मुलगी. तिने निर्णय दिलाच नाही. तिने प्रश्न विचारला. पण त्या प्रश्नात चित्रपटाची सर्वांत मोठी स्तुती आणि सर्वांत कठोर टीका एकाच वेळी येऊन गेली आहे. पुठ्ठ्याच्या राक्षसाला तिने जिवंत मानले, म्हणूनच त्याला आई असेल असे तिला वाटले. आणि ती आई दाखविण्याचे कर्त्याला सुचले नाही, हेही तिच्या ध्यानात आले. त्या आईसाठी आणखी पुठ्ठा लागला असता तो फार थोडा.