फळ्याची उजवी बाजू

पनवेलच्या वेशीवर, जुनं गाव संपून सिडकोचे रस्ते सुरू होतात तिथे, एक मराठी प्राथमिक शाळा आहे. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण अशा शाळा रायगड जिल्ह्यात शोधाव्या लागत नाहीत. चार वर्ग, तीन शिक्षक, एक मोठ्या बाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि व्हरांड्याच्या भिंतीवर काळा रंग मारून केलेला लांबरुंद फळा.

हा फळा मोठ्या बाईंचा लाडका. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे, हे बाईंनी डी.एड.ला असताना वाचलं होतं. तेव्हापासून आपल्याही शाळेत असं काही असावं, ही त्यांची हौस. रोजचं झेपणारं नव्हतं, म्हणून त्यांनी साप्ताहिकावर भागवलं. दर शनिवारी, दप्तराविना शाळा भरते त्या दिवशी, फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे मथळा ‘झालं’, उजवीकडे ‘होणार’. मुलांना सोडायला आलेले आईबाप चपला न काढता पायरीवरूनच मान वर करून वाचत. पुढच्या शनिवारी ओल्या फडक्याने सगळं साफ, आणि नवा मजकूर.

त्या जूनमध्ये फळ्याचं काम चौथीतल्या एका मुलीकडे आलं. घरी तिला चिऊ म्हणत, म्हणून शाळेतही चिऊच. वडील पनवेल स्टेशनला रिक्षा चालवायचे. अक्षर टपोरं, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायची खोड. बाईंनी तिला समजावून दिलं, “जे झालं ते डावीकडे. जे होणार ते उजवीकडे. उजवीकडचं काम झालं, की तिकडून पुसायचं आणि डावीकडे लिहायचं. कळलं?”

चिऊला कळलं. बाईंना वाटलं त्यापेक्षा जरा जास्तच कळलं.

पावसाळाभर डावी बाजू मजेत चालली होती. दुसरीतल्या एकाचा दात मधल्या सुट्टीत पडला आणि तो त्याने कौलांवर फेकला. गाढी नदीला पाणी चढलं म्हणून शाळा लवकर सुटली. मटकीच्या उसळीत मावशींनी कोकम घातलं, सगळ्यांनी पुन्हा मागितली. असल्या बातम्या दर शनिवारी पुसल्या जात आणि नव्या येत. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

उजवीकडे मात्र निराळाच प्रकार सुरू होता. जूनच्या तिसऱ्या शनिवारी तिथे पहिली ओळ आली होती : ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवणार.’ कडी बसली नाही, म्हणून चिऊने ओळ पुसली नाही. त्याखाली आलं, ‘दर गुरुवारी गोष्टींच्या पुस्तकांचा तास होणार.’ एक गुरुवार झाला, पुढचे झाले नाहीत. ही ओळ पुसायची की ठेवायची, यावर चिऊने बराच वेळ विचार केला आणि ठेवली. मग ‘कर्नाळा अभयारण्य आणि शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मस्थान, अशी सहल जाणार’. मग ‘दुसरा नळ येणार’. मग ‘पुस्तकांची पेटी 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, उघडणार’. भिंतीला ओल यायची, खडू फिका पडायचा. चिऊ दर शनिवारी डावीकडचं पुसून झालं की उजवीकडची जुनी अक्षरं नव्याने गिरवायची. कडीची ओळ इतक्या वेळा गिरवून झाली की तिचा खडू फळ्यावर दाट बसला होता.

बाईंच्या हे लक्षात आलं नाही असं नाही; पण त्यांच्या मागे व्याप काय कमी होते? पोषण आहाराची रोजची नोंद मोबाइलवर भरायची, मतदारयाद्यांचं काम, वरून येणारी आणि कालपर्यंतच हवी असलेली माहिती. शाळेला मिळायचं अनुदान कधी येईल ते अनुदानालाच ठाऊक. बाई खोटं बोलत नव्हत्या. जे जे लिहायला सांगितलं ते करायचं त्यांच्या मनात होतंच. पण घोषणेची गंमत अशी की ती केली की काम अर्धं झाल्याचा आनंद होतो, आणि उरलेलं अर्धं त्या आनंदातच राहून जातं. हे काही शाळेपुरतं नाही, पण ते असो.

दिवाळीपर्यंत उजवी बाजू भरली. चिऊने अक्षर बारीक केलं. मग दोन ओळींच्या मधे लिहायला सुरुवात केली. कडीची ओळ मात्र सगळ्यांत वर, मोकळी, ठसठशीत.

त्या कडीचं काय होतं ते सांगायला हवं. दाराला आतून एक वाकवलेला खिळा आणि सुतळीचा फास होता, आणि सुतळी दर दोन-तीन दिवसांनी तुटायची. म्हणून मुली जोडीने जात. एक आत, दुसरी बाहेर दार ओढून उभी. पहिलीतली धाकटी एकटी कधी जातच नसे. तिच्यासाठी कुणीतरी मोठी मुलगी वर्गातून उठायची. चिऊ त्यासाठी दिवसातून एकदा-दोनदा उठायची आणि गुरुजी विचारायचे, “काय गं, पुन्हा?” मुली पाणी कमी प्यायच्या. घरी सांगत नव्हत्या, कारण यात सांगण्यासारखं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

डिसेंबरअखेर फळ्यावर मोठी बातमी आली. नाताळाच्या दिवशी नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली होती, आणि शनिवारी चिऊने डावीकडे ऐटीत लिहिलं : ‘आपल्या विमानतळावरून विमान उडालं.’ चौथीच्या गुरुजींनी परिपाठात सांगितलं, की 18 फेब्रुवारी 2018 ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा 2019 अखेर विमान उडेल असं जाहीर झालं होतं. उडालं 25 डिसेंबर 2025 ला.

“मग इतकी वर्षं ते उजवीकडे होतं का?” चिऊने विचारलं.

“कुठल्या फळ्यावर?” गुरुजी हसले.

त्याच दिवशी मोठ्या बाई लगबगीने बाहेर आल्या. पुढच्या शनिवारी, 3 जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांची जयंती, बालिका दिन. केंद्रप्रमुख येणार होते. “चिऊ, लिही : बालिका दिनाचा कार्यक्रम. मुलींची भाषणं, नाटुकलं, पाहुण्यांचं स्वागत. मोठ्या अक्षरात.”

“जागा नाही, बाई.”

“मग पूस की वरचं!”

“कडी बसली का, बाई?”

तिच्या आवाजात उपरोध नव्हता. ती खरोखरच विचारत होती. बसली असेल तर तिला डावीकडे लिहायचं होतं. पण व्हरांड्यात चार आया उभ्या होत्या, आणि बाईंची कानशिलं तापली. त्यांनी फडका स्वतः उचलला आणि बादलीत बुडवला.

तेवढ्यात मावशी खिचडीचा डाव हातात घेऊनच चुलीपासून उठून आल्या. मावशी मूळच्या कोल्हीच्या. विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतलं ते एक. शाळेत त्या एरवी ‘जेवाला या’ यापलीकडे फारसं बोलत नसत.

“बाई, नका पुसू. आमचा गाव उठला तवा काय काय देनार, ता सगला तोंडी झाला. आमच्यान लिवनारा कोन नव्हता. आता कुनाला इचारू? ही पोर लिवते, तर लिवू द्या तिला.”

बाई तशाच उभ्या राहिल्या. फडक्यातून पाणी फरशीवर गळत होतं. मग त्यांनी पहिल्यांदाच उजवी बाजू वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांना सगळं आठवलं. कुठली ओळ कुठल्या शनिवारी, कुणाच्या देखत सांगितली, तेसुद्धा. बालिका दिनाच्या कार्यक्रमासाठी जागा करायला त्या जी ओळ पुसायला निघाल्या होत्या, ती मुलींच्या कडीची होती. हे कुणी बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती.

“सुतार कुठे मिळेल आत्ता?” बाईंनी व्हरांड्यातल्या आयांना विचारलं.

“अहो, आमचे हे सुतारकामच करतात की,” एक आई म्हणाली. “तुमच्या समितीतसुद्धा आहेत.”

शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असा 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचा नियम आहे. समितीच्या बैठका होत, सह्या होत, चहा होई. सभासद पोटापाण्याला काय करतात हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी कडी बसली. बाईंनी बाजारातून आणली, सुतारदादांनी दाराची फळी घासून नीट केली, चार स्क्रू पिळले, आणि चहासुद्धा न घेता दुसऱ्या कामावर गेले. जूनपासून अडलेलं काम तासाभराचं निघालं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलींची रांग लागली. आत जायचं, कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची, बाहेर यायचं. पहिलीतली धाकटी तीनदा गेली, तिसऱ्यांदा आतून ओरडून म्हणाली, “मी एकटीच आहे!”

चिऊने शनिवारची वाट पाहिली नाही. उजवीकडची पहिली ओळ पुसली. दाट बसलेला खडू निघायला वेळ लागला. डावीकडे लिहिलं, ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसली.’

आता बाईंचाच हात सुटला. पुस्तकांची पेटी उघडली. किल्ली टेबलाच्या खणातच होती. गुरुवारचा तास पुन्हा सुरू झाला. सहलीचं मात्र त्यांनी मुलांना व्हरांड्यात बसवून सरळ सांगितलं : एसटीचं भाडं, परवानगीचे कागद, आणि यंदा जमणार नाही हे. त्याऐवजी वडाळे तळ्यावर पायी जाऊ, पक्षी तिथेही दिसतात. मुलं थोडी हिरमुसली, मग डबा काय आणायचा यावर भांडू लागली. ‘जमणार नाही’ हे सहा महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं बाईंना वाटून गेलं असावं. दुसऱ्या नळाची ओळ तशीच राहिली, कारण पनवेलचं पाणी. जिथे पावसाळ्यात छत्र्या उलट्या होतात, तिथेच उन्हाळ्यात देहरंग धरणाचा तळ दिसतो.

मग बाईंचं बोट खालच्या एका ओळीवर थांबलं. जुलैत वृक्षारोपण झालं तेव्हाची ओळ : ‘पाऊस गेल्यावर पाचही झाडांना चौथीचा वर्ग रोज पाणी घालणार.’

“चिऊ, हे कुणाचं?”

चिऊने ओळ दर शनिवारी गिरवली होती. झाडांकडे मात्र दिवाळीनंतर कुणी फिरकलं नव्हतं. सगळा वर्ग कुंपणाशी धावला. तीन झाडं तग धरून होती. जांभळाची आणि बहाव्याची नुसती काडी उरली होती.

“पूस ना,” शेजारच्या बाकावरचा मुलगा कुजबुजला. “शनिवारी केंद्रप्रमुख येणारेत. आणि आता ती दोन काही जगायची नाहीत.”

“बाईंचं पुसलं नाही,” चिऊ म्हणाली.

“बाई मोठ्या आहेत. आपलं कोण बघतंय?”

चिऊने खडू घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. ओळ पुसली. मुलगा निःश्वास टाकतो न टाकतो तोच तिने डावीकडे, विमानाच्या बातमीखाली लिहिलं : ‘चौथीच्या वर्गाने पाणी घातलं नाही. दोन झाडं वाळली.’ वर्गातले बरेच जण तिच्याशी दुपारपर्यंत बोलले नाहीत. दुपारनंतर मात्र त्यांतल्याच दोघांनी मावशींकडून तांदूळ धुतलेलं पाणी मागून घेतलं आणि उरलेल्या तीन झाडांना घातलं. ‘रोज’ हा शब्द यापुढे जपून वापरायचा, असा ठरावही त्या वर्गात झाला म्हणतात.

3 जानेवारीला केंद्रप्रमुख आले. भाषणं झाली. सावित्रीबाई झालेल्या मुलीचा पदर दोनदा सुटला, नाटुकलं तरीही रंगलं. चहा घेऊन झाल्यावर साहेब व्हरांड्यात फळ्यापाशी थांबले आणि डावी बाजू वाचू लागले. वाळलेल्या झाडांपाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. कडीपाशी त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली नाही.

“हे असं सगळं लिहिता तुम्ही? वाचणारे काय म्हणतील?”

“वाचतात, साहेब,” बाई म्हणाल्या. “आता थांबून वाचतात.”

साहेबांनी मोबाइल काढून फळ्याचा फोटो घेतला. मग उजवीकडच्या मोकळ्या झालेल्या जागेकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांना एकदम उमाळा आला. “छान, छान! अशा शाळेला प्रोत्साहन द्यायलाच पाहिजे. मी तुम्हाला पुस्तकांच्या आणखी दोन पेट्या पाठवतो.”

टाळ्या झाल्या. चिऊ स्टुलावर चढली. तिने उजवीकडे लिहिलं, ‘साहेब पुस्तकांच्या दोन पेट्या पाठवणार’, आणि खडू फळ्याला तसाच टेकवून मान वळवली.

“तारीख कुठली लिहू, साहेब?”