गिऱ्हाईकही घडावं लागतं

हस्तकला टिकवायची म्हटलं की सगळ्यांची नजर कारागिराकडे जाते. त्याला अनुदान द्या, प्रदर्शनात गाळा द्या, पुरस्कार द्या. हे सगळं हवंच. पण लहानपणी पाहिलेली पट्टणकोडोलीची जत्रा आठवली की वाटतं, हा हिशेब निम्माच आहे.

हातकणंगले तालुक्यातली ही विठ्ठल-बिरदेवाची जत्रा. भंडाऱ्यानं माणसं, ढोल, रस्ते सगळं पिवळंधमक. आम्हा पोरांचा जीव पाळण्यात अडकलेला, आज्याचा मात्र घोंगड्यांच्या थप्पीत. घोंगडं उलगडून तो आधी उन्हासमोर धरायचा. वीण कुठं विरळ असली की तिथून उजेड यायचा. मग काठ अंगठ्यानं चाचपायचा. शेवटी ओंजळभर पाणी वर ओतायचा आणि थेंब ठरतात की मुरतात ते बघत बसायचा. विकणारा रागवायचा नाही. उलट म्हणायचा, "मामा, बघितल्याबिगार घेऊच नका."

या पारखीमागे हौस नव्हती, गरज होती. मेंढरांमागे माळावर रात्र काढणाऱ्याला पावसात त्याच घोंगड्याची खोळ आधाराला असायची. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची; धनगरांच्या बायकांनी सूत कातायचं; सणगरानं खड्डामागावर विणायचं आणि चिंचोक्याची खळ कुंच्यानं चोळायची. यातल्या कुणीही केलेला आळस आज्याच्या अंगठ्याला सापडायचा. तो सापडतो हे ठाऊक असल्यामुळेच चार हात नीट चालत.

आता घोंगडी शहरातल्या प्रदर्शनात येतात, वारशाची पाटी लावून. येणारा "किती सुंदर!" म्हणतो, फोटो काढतो आणि "टोचत नाही ना?" एवढंच विचारतो. अस्सल लोकरीचं घोंगडं आणि गिरणीचं सूत मिसळलेलं घोंगडं शेजारी ठेवलं, तर तो मऊ असेल तेच उचलणार. कौतुक भरपूर, पण खोट काढणारा कुणी नाही. मग विणकरानं तरी जीव कशासाठी जाळायचा?

जुनं सगळं सोन्याचं होतं असंही नाही. आजा भाव पाडून मागायचा आणि तासभर घासाघीस करून विणकराला रडकुंडीला आणायचा. ज्याला कळत होतं तो पैसे देत नव्हता; आज जो पैसे देतो त्याला कळत नाही. मेंढपाळानंही हलकं, स्वस्त प्लास्टिक सोडून आपल्या हौसेखातर घोंगडं पांघरावं, असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. ती गरज गेली. तिच्या पोटी आलेली पारख मात्र शिकवता येते.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांनी माहितीफलक एखादा कमी लावावा आणि गाळ्यावर पाण्याचा तांब्या ठेवावा. येणाऱ्या पोरांना घोंगड्यावर पाणी ओतू द्यावं, काठ ओढून बघू द्यावा, नावं ठेवू द्यावीत. त्यातलं एखादं पोर उद्या विणकराशी वीण विरळ का म्हणून भांडलं आणि दाट विणीला पुरता भाव देऊन गेलं, तर विणकराला पुरस्काराची वाट बघावी लागणार नाही.